कोट घातलेला टर्की

ही फार जुनी गोष्ट आहे. तिकडे फ्रान्स देशात, एका संथ नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात क्लेमांस नावाची एक चित्रकार राहत होती.

क्लेमांसचं दुकान बाजारपेठेच्या तोंडाशीच होतं. दुकान म्हणजे काय, एक खोली, रस्त्याकडे मोठी काचेची खिडकी आणि मागच्या बाजूला वडिलांच्या वेळचं शिळाछापाचं यंत्र. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवून चाक ओढायचं, की चित्र कागदावर उतरायचं. एका दगडावरून हवी तेवढी चित्रं निघायची.

दर शनिवारी ती नवं चित्र खिडकीत लावायची. गावातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, पण चित्र सगळ्यांनाच कळायचं. त्यामुळे शनिवारी सकाळी खिडकीसमोर ही गर्दी! पावाच्या टोपल्या घेऊन बाया थांबायच्या, गाडीवाले घोडा उभा करून मान लांब करायचे. चित्रात गावातलंच कुणीतरी असायचं आणि त्याचं काहीतरी चुकलेलं असायचं. क्लेमांस कुणाला ओरबाडत नसे, पण चिमटा बरोबर जागी काढायची. ज्याला चिमटा बसे, तोही दोन दिवस तोंड फुगवून तिसऱ्या दिवशी हसायचा.

मग गावाला नवे नगराध्यक्ष आले. माणूस उंचापुरा, पोट पुढे, छातीवर सोन्याची साखळी, आणि हनुवटीखाली लोंबणारा लालबुंद गळा. त्यांनी नदीसमोर मोठा बंगला बांधला. पहिल्याच सकाळी ते कॉफीचा पेला घेऊन सज्जात आले आणि समोर पाहतात तर काय, नदीच्या घाटावर बाया धुणं धूत होत्या, आणि काठावरच्या दोऱ्यांवर अख्ख्या गावाचे सदरे, लेंगे, चादरी वाऱ्यावर उडत होत्या.

"माझ्या सज्जातून लोकांचे लेंगे दिसतात!" नगराध्यक्ष ओरडले. "हे मला शोभत नाही."

महिनाभरात घाटाच्या कडेने उंच दगडी भिंत उभी राहिली. गावाची जागा, गावाचा घाट, पण गावाला कुणी विचारलं नाही. धुणं धुणाऱ्या बायांना आता पिठाच्या गिरणीच्या पलीकडे, चिखलाच्या वळणावर जावं लागे. ओल्या कपड्यांची बोचकी डोक्यावर घेऊन एवढं अंतर चालायचं म्हणजे काही खेळ नव्हता. त्यांच्यातली सगळ्यांत वडीलधारी होती बेर्तमावशी. ती एकदा त्या चिखलात घसरली आणि तेव्हापासून तिचा गुडघा काही धड झाला नाही.

मग एका शनिवारी क्लेमांसने त्याचंच चित्र लावलं. सज्जात नगराध्यक्ष बसलेत, नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलाय, आणि खाली बाया भिंतीला धडकताहेत. चेहरा हुबेहूब नगराध्यक्षांचा. दुपारपर्यंत सगळं गाव हसत होतं. संध्याकाळी शिपाई आले. त्यांनी चित्र फाडलं, दगड रस्त्यात आपटून फोडला. पाठोपाठ चौकात ढोल वाजवून हुकूम वाचला गेला: यापुढे गावातल्या कुठल्याही प्रतिष्ठित माणसाचं चित्र काढून कुणी त्याची टिंगल केली, तर त्याचं यंत्र जप्त होईल आणि तो तुरुंगात जाईल.

क्लेमांस घाबरली. यात लपवण्यासारखं काही नाही, कुणीही घाबरलं असतं. यंत्र गेलं तर पोट कशावर भरायचं? आणि तुरुंग तर तिने नुसता बाहेरून पाहिला होता, तेवढ्यानेच तिच्या अंगावर काटा आला होता. तिने शनिवारी फुलदाणीचं चित्र लावलं. पुढच्या शनिवारी गुलाबांचं. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा फुलदाणी.

खिडकीसमोर आता कुणी थांबत नव्हतं.

एके दिवशी दुपारी बेर्तमावशी लंगडत दुकानात आली. बोचकं खाली ठेवून स्टुलावर बसली, पायातला लाकडी बूट काढून त्यातलं पाणी दाराबाहेर ओतलं.

"फुलं काढतेस वाटतं हल्ली?" ती म्हणाली.

"फुलं काढली म्हणून कुणाला तुरुंगात टाकत नाहीत, मावशी."

"तेही खरंच." मावशीने चित्राकडे पाहिलं. "चांगली आलीत गं. पण बघायला कुणी थांबत नाही."

क्लेमांसने हातातला खडू उगाच फडक्याला पुसला.

"मी तुला बोल लावायला नाही आले हो," मावशी बूट चढवत म्हणाली. "गुडघा ठणकत होता म्हणून टेकले जरा. जाते आता. अजून गिरणीच्या पलीकडे पोचायचंय."

ती बोचकं उचलून निघून गेली. ती चालत होती तेव्हा एका बाजूला झुकत होती, मग दुसऱ्या बाजूला. क्लेमांस दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मावशी रागावली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती अंडी आणायला कोंबडीबाजारात गेली. तिथे एका पिंजऱ्याच्या टपावर एक भलामोठा टर्की उभा होता. टर्की म्हणजे कोंबड्यापेक्षा कितीतरी मोठा पक्षी. मान वर, छाती पुढे, शेपटीचा पंखा उघडलेला, आणि गळ्याखाली लाल, लोंबती कातडी. खालून काही बदकं आपली पाण्याच्या पातेल्याकडे चालली होती. टर्कीने ती पाहिली, गळा फुगवला आणि असा काही ओरडला, "गुलूगुलूगुलू!", की बदकं बिचारी वाट सोडून लांबून वळसा घालून गेली.

क्लेमांस बघतच राहिली. मग ती हसायला लागली. कोंबडीवाली म्हणाली, "काय झालं बाई?" पण क्लेमांसला बोलताच येईना. ती अंडी न घेताच दुकानात धावली.

हुकूम माणसांच्या चित्राबद्दल होता. टर्कीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं!

तिने नवा दगड टेबलावर घेतला आणि खडू हातात धरला. आधी टर्की आला: काळा लांब कोट, छातीवर साखळी, पायात चकचकीत बूट, काखेत आराखड्याची गुंडाळी. तो काठीने दाखवत होता आणि त्याच्यासमोर भिंत वर चढत होती. भिंतीच्या अलीकडे बदकांची रांग. त्यांनी एप्रन बांधले होते, डोक्यावर बोचकी होती, आणि सगळ्यांत पुढचं म्हातारं बदक एका बाजूला झुकून चालत होतं. शेजारी पाववाल्याची टोपी घातलेलं अस्वल खिशात हात घालून नुसतं बघत उभं होतं. टपाल्याचा डगला घातलेला करकोचा भलतीकडेच पाहत होता. वर झाडाच्या फांदीवर न्यायाधीशांचा पांढरा केसांचा टोप घातलेलं एक घुबड गाढ झोपलं होतं.

चित्र पुरं झालं असं वाटून क्लेमांस मागे सरली. पण मनाला काहीतरी टोचत होतं. ती पुन्हा पुन्हा चित्र पाहू लागली. भिंत बांधणारा आहे, भिंतीमुळे पिडलेले आहेत, गप्प बसून बघणारे आहेत. मग मी कुठे आहे?

बाया चिखलातून जात होत्या तेव्हा मी काय करत होते? फुलदाण्या काढत होते.

हे काढायला तिला फार जड गेलं. टर्की चुटकीसरशी आला होता, पण आता खडू पुढे सरकेना. शेवटी तिने कोपऱ्यात एक कासव काढलं. कासवाने चित्रकाराचा झगा घातला होता, एका हातात फूल होतं, आणि मान पार कवचाच्या आत ओढून घेतली होती. बाहेर फक्त दोन घाबरे डोळे दिसत होते.

शनिवारी चित्र खिडकीत लागलं.

आधी एक बाई थांबली. मग दोन गाडीवाले. मग सगळी बाजारपेठ. "अगं बाई, टर्की बघ, टर्की!" लोक पोट धरधरून हसत होते. प्रती भराभर खपल्या, चाक ओढून ओढून क्लेमांसचे दंड भरून आले. दुपारी नगराध्यक्ष घोडागाडीतून चौकातून गेले, तेव्हा कोपऱ्यावरून बारीक आवाज आला, "गुलूगुलू!" मग दुसऱ्या कोपऱ्यावरून. मग सगळ्या खिडक्यांमधून. नगराध्यक्षांचा गळा लाल झाला आणि फुगला, त्यामुळे तर लोकांना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष स्वतः दुकानात आले. त्यांनी दार लावून घेतलं. ओरडतील असं क्लेमांसला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज साखरेसारखा गोड होता.

"बाई, तुमचा हात सुंदर आहे. असा हात एवढ्याशा खोलीत वाया जातोय."

क्लेमांसने शाईचे हात झग्याला पुसले.

"उद्या मी फिर्याद घेऊन कोर्टात उभा राहणार आहे. हे यंत्र जाईल, तुम्ही आत जाल. मला ते आवडणार नाही." त्यांनी यंत्राच्या चाकावरून हात फिरवला. "त्यापेक्षा असं करा. प्राण्यांचीच चित्रं काढा, माझी काही हरकत नाही. फक्त टर्कीच्या जागी सिंह घाला. आणि ती बदकं काढून टाका, उगाच गर्दी होते. नगरपालिकेची मुख्य चित्रकार म्हणून तुमचं नाव मी जाहीर करतो. मोठी खोली, नवं यंत्र, सगळं."

"आणि भिंत?" क्लेमांसने विचारलं.

"भिंतीचं काय? भिंत आहे तिथे आहे." नगराध्यक्षांनी हॅट चढवली. "उद्या सकाळी कोर्टात सिंह घेऊन या. मी फिर्याद मागे घेतो."

ते गेल्यावर क्लेमांस बराच वेळ यंत्राजवळ उभी राहिली. मग तिने एक दगड घेतला आणि सिंह काढला.

सिंह छान आला. आयाळ भरदार, नजर करारी, अंगावर कोट अगदी मापात बसलेला. एवढा चांगला सिंह तिने आजवर काढला नव्हता. खिडकीतून ऊन दगडावर पडलं होतं आणि सिंह जिवंत वाटत होता. ती बघत होती, बघत होती, आणि हळूहळू तिला तो सिंह बघवेना. कारण ओल्या चिखलातून लंगडत जाणारी मावशी त्या चित्रात कुठेच नव्हती. सिंहाच्या मागे सगळं कसं स्वच्छ, मोकळं होतं.

तिने कोपऱ्यातली वाळूची बादली ओढली. दगडावर मूठभर वाळू टाकली, पाणी शिंपडलं आणि दुसरा दगड वर ठेवून गोल गोल घासायला सुरुवात केली. आयाळ गेली, मग नजर गेली, मग कोट. थोड्या वेळात दगड पुन्हा कोरा झाला. बऱ्याच दिवसांनी क्लेमांसला पोटभर जेवावंसं वाटलं.

सकाळी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. क्लेमांस टर्कीचंच चित्र घेऊन आली. नगराध्यक्षांनी गुंडाळी उलगडताना पाहिली आणि आपल्या वकिलाला खूण केली.

वकील हुशार होता. त्याने चित्र भिंतीवर लावलं आणि न्यायाधीशांकडे नव्हे, लोकांकडे तोंड केलं.

"गावकरी हो, तुम्ही हे चित्र पाहून हसलात. पण कुणाला हसलात ते पाहिलंत का? हे अस्वल कोण? पाववाले, जरा टोपी बघा. हा करकोचा कोण? आणि ही फेंगडी बदकं कोण?" तो धुणं धुणाऱ्या बायांकडे वळला. "ही तुम्ही आहात, बायांनो! दिवसभर राबून तुम्हाला काय मिळालं? बदकाचं तोंड! ही बाई सगळ्या गावाला जनावर म्हणते. हिच्यासाठी तुम्ही इथे आलात?"

लोक मान पुढे काढून चित्र नीट बघू लागले. पाववाल्याने आपल्या टोपीला हात लावला. कुणीतरी कुजबुजलं, "खरंच की." क्लेमांसने लोकांच्या तोंडाकडे पाहिलं. या लोकांसाठी तिने यंत्र पणाला लावलं होतं, आणि आता तेच उलटले तर?

तेवढ्यात बेर्तमावशी उठली. बाकांमधून वाट काढत, एका बाजूला झुकत, मग दुसऱ्या बाजूला झुकत ती चित्रापाशी गेली. नाक चित्राला लागेल इतकं जवळ जाऊन तिने पाहिलं.

"ही मी," ती म्हणाली. मग तिचा सुरकुतलेला चेहरा हसू लागला. "अगं, ही तर मीच! हे बघा, माझ्या एप्रनला असंच ठिगळ आहे. आणि चाल तर बघा!" ती कोर्टात चार पावलं चालून दाखवायला लागली. "आहे की नाही तस्संच? गुडघा मोडल्यापासून मी बदकासारखीच चालते. त्यात खोटं काय आहे?"

"मग ही तिच्यामागची मी!" दुसरी बाई ओरडली. "एवढं मोठं बोचकं माझंच असतं."

"आणि अस्वल मी आहे," पाववाला उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "भिंत बांधत होते तेव्हा मी रोज बघत होतो. खिशात हात घालूनच."

"आणि करकोचा मी!" टपाल्या मागून म्हणाला, आणि हशा पिकला.

वकिलाचा आवाज चढला. "आणि ही चित्रकार? सगळ्यांना नावं ठेवणारी ही शहाणी स्वतः कुठे आहे?"

"कोपऱ्यात बघा," क्लेमांस म्हणाली. तिचा आवाज आधी घोगरा आला, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "ते कासव मी आहे. मान आत घालून बसले होते. फुलं काढत."

लोकांनी कासव पाहिलं आणि असे हसले की खिडक्यांची तावदानं हादरली. त्या हसण्यात आता राग नव्हता. क्लेमांसही हसली. एवढे दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलावा, तसं तिला वाटलं.

न्यायाधीशांनी हातोडा आपटला. ते खुर्चीवरून उतरून चित्राजवळ आले, चष्मा लावला आणि फांदीवरच्या घुबडाकडे बराच वेळ बघत राहिले. डोक्यावरचा टोप त्यांनी एकदा चाचपला.

"हा मी," ते शेवटी म्हणाले. "जेवणानंतर मला झोप लागते, हे गावाला माहीत आहे. पण गावाच्या घाटावर भिंत चढत होती आणि मी झोपलो होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं." ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. "आज मी जागा आहे. आता या चित्रातला एकच जण उरला. हा टर्की कोण?"

सगळ्यांच्या माना नगराध्यक्षांकडे वळल्या.

"नगराध्यक्ष महाशय, फिर्याद तुमची आहे. हुकूम माणसाच्या चित्राबद्दल आहे आणि मला तर इथे पक्षी दिसतोय. हा टर्की म्हणजे आपणच, असं शपथेवर सांगा, म्हणजे मी खटला पुढे चालवतो."

नगराध्यक्ष उठले. त्यांचा गळा फुगला. हो म्हणावं, तर उद्यापासून अख्खा फ्रान्स त्यांना टर्की म्हणणार. एका म्हाताऱ्या धोबिणीला जे हसत हसत जमलं, ते त्यांना काही केल्या जमेना.

"नाही," ते कसेबसे म्हणाले. "तो मी नाही."

"फिर्याद फेटाळली," न्यायाधीश म्हणाले.

टाळ्या सुरू होणार, तोच बेर्तमावशीने हात वर केला. "साहेब, मला एक कळलं नाही. चित्रात भिंत बांधतोय तो टर्की. नगराध्यक्ष म्हणतात, तो मी नव्हे. मग आमच्या घाटावरची भिंत बांधली कुणी?"

न्यायाधीश नगराध्यक्षांकडे वळले. "प्रश्न रास्त आहे. महाशय, ती भिंत आपण बांधलीत का?"

नगराध्यक्षांनी तोंड उघडलं. भिंत माझी म्हणावं, तर टर्की मीच. टर्की मी नाही म्हणावं, तर भिंत कुणाची? त्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकील आपले कागद आवरण्यात गुंतला होता.

"मला... मला काही माहीत नाही," ते पुटपुटले.

"तर मग ती बेवारस भिंत आहे," न्यायाधीश म्हणाले, "आणि उभी आहे गावाच्या जागेवर. गावाने तिचं हवं ते करावं."

पुढचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. लोक कोर्टातून असे बाहेर पडले, जशी बांध फुटलेली नदी. पाववाल्याने घण आणला, गाडीवाल्यांनी पहारी आणल्या. टपाल्याने तर डगला काढून हातांनीच दगड उपसायला सुरुवात केली. पहिला घाव बेर्तमावशीला घालू दिला. तिच्याने घण जेमतेम उचलला गेला, पण तिचा टोला बसला तेव्हा आनंदाची आरोळी गिरणीपर्यंत ऐकू गेली. ऊन उतरायच्या आत भिंत जमीनदोस्त झाली आणि तिच्या मागून लखलखणारी नदी पुन्हा गावाला दिसली.

बायांनी बोचकी सोडली. कुणीतरी क्लेमांसलाही ओढत पाण्यात नेलं. शाईने माखलेला तिचा झगा मावशीने तिच्या अंगावरून उतरवून घेतला, दगडावर आपटला, आणि सगळ्यांच्या कपड्यांमध्ये वाळत टाकला. सज्जातून कोणी बघत होतं की नाही, कुणास ठाऊक. कुणी वर मान करून पाहिलंच नाही.

नगराध्यक्ष त्या हिवाळ्यात बंगला विकून दुसऱ्या गावी गेले. गावाने नवा माणूस निवडला. तो बाई-माणसांशी अदबीने बोलणारा, जरा लाजराच होता. पहिल्याच दिवशी तो क्लेमांसच्या दुकानात आला आणि हॅट काढून उभा राहिला.

"कामाला लागायच्या आधी एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "मी तुम्हाला कुठल्या प्राण्यासारखा दिसतो?"

क्लेमांसने त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग खडू कानामागे खोचला.

"आत्ताच कसं सांगू?" ती म्हणाली. "आधी काहीतरी करा. मग काढते."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: स्वतःच्या चुकीवर जो चारचौघांत हसू शकतो, त्याला कुणाचं भय उरत नाही. आणि ज्याला ते जमत नाही, त्याच्या भिंती फार दिवस टिकत नाहीत.